टाइमपास म्हणू नका, लेजंडही म्हणू नका

विरारहून सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर चर्चगेटपर्यंत साधारण दीड तास तुमचा असतो. जाऊन-येऊन तीन. एवढ्या वेळात दीडशे-दोनशे पानांची रहस्यकथा आरामात संपते. तुमच्यापैकी बरेच जण या वेळात सिरीज बघतात, रील्स सरकवतात, आणि जे वाचतात त्यांच्या हातात बहुतेक वेळा इंग्रजी थ्रिलर असतो. त्यात वाईट काहीच नाही. पण याच मंडळींना विचारून बघा, मराठीतली एखादी भयकथा, रहस्यकथा किंवा विज्ञान कादंबरी शेवटची कधी वाचलीत? दोन ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, ‘ते टाइमपास असतं ना?’ दुसरं, ‘धारप म्हणजे लेजंड, बॉस!’ दुसरं उत्तर देणाऱ्याला पुढे विचारा, धारपांचं काय वाचलंस? तो ‘तुंबाड’ सिनेमाबद्दल बोलायला लागतो.

हिणवणं आणि ओवाळणं, दोन्ही न वाचण्याचेच प्रकार आहेत. टाइमपास म्हटलं की पुस्तक उघडायची गरज उरत नाही. लेजंड म्हटलं की पुस्तक देव्हाऱ्यात जातं, आणि देव्हाऱ्यातली वस्तू कुणी हाताळत नाही. मधला रस्ता तेवढा ओस पडलाय. पुस्तक वाचायचं आणि आवडलं ते आवडलं, खटकलं ते खटकलं असं सरळ सांगायचं. गेल्या काही महिन्यांत या कपाटातल्या काही कादंबऱ्या मी वाचल्या, काही पुन्हा वाचल्या. त्यांच्याबद्दलची ही मतं. तुम्हाला पटायलाच हवीत असं नाही. न पटली तर उत्तमच, कारण भांडायला तरी तुम्हाला ती पुस्तकं वाचावी लागतील.

आडनावातलं अर्नाळा

सुरुवात घरापासून करू. विरार स्टेशनवरून अर्नाळ्याची बस पकडणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की या गावाचं नाव एकेकाळी महाराष्ट्रभरच्या वाचनालयांत पाठ होतं? चंद्रकांत सखाराम चव्हाण या माणसाने बाबूराव अर्नाळकर या नावाने हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही त्यांची माणसं. गिरणगावातल्या चाळीपासून गावाकडच्या वाचनालयापर्यंत ही छोटी पुस्तकं हातोहात फिरली. आपल्याला वाचायची सवय अर्नाळकरांनी लावली, असं सांगणारे आजी-आजोबा तुमच्याही ओळखीत निघतील.

आज वाचताना कसं वाटतं? वेगाला तोड नाही. माणूस दारातून आत येतो आणि दुसऱ्या वाक्याला भानगड सुरू होते. पावसाचं वर्णन नाही, नायकाचं बालपण नाही. प्रकरण अशा ठिकाणी तुटतं की पुढचं पान उलटावंच लागतं. आजच्या वेब सिरीजचे लेखक एपिसोडच्या शेवटी जे करतात, ते हा माणूस स्वस्त कागदावर महिन्यामागून महिने करत होता. भाषाही सरळ. बोजड शब्द लागत नाही, शब्दकोशही लागत नाही.

आता खटकलेलं. चार पुस्तकं वाचलीत की पाचव्याचा शेवट तुम्ही सांगू शकता. वेषांतर केलं की सख्ख्या ओळखीचा माणूसही ओळखत नाही, हे दर वेळी पचवावं लागतं. बायकांना कामं दोनच: संकटात सापडायचं किंवा संकटात पाडायचं. आणि गुन्हा का घडला याच्यापेक्षा तो कसा पकडला यातच सगळा जीव. तेव्हा अर्नाळकर एका दमात दहा वाचू नका. दोन वाचा, आणि वाक्यं कशी पळतात तेवढं बघा. ज्यांना स्वतः लिहायचंय, त्यांच्यासाठी याहून स्वस्त शिकवणी नाही.

धारपांची भीती आणि तिचा पत्ता

नारायण धारप (१९२५–२००८) हे मराठी भयकथेतलं सगळ्यात मोठं नाव. त्यांची ‘लुचाई’ पुन्हा वाचली. एक वस्ती, तिथे आलेलं काहीतरी, आणि रात्रीमागून रात्री कमी होत जाणारी माणसं. ही कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. ‘शपथ’च्या मागे किंगचीच ‘इट’ आहे. ‘तुंबाड’च्या मुळाशी असलेली धारपांची ‘आजी’ ही कथाही किंगच्या एका कथेवरून आलेली. हे सांगितलं की चाहते चिडतात आणि टीकाकार खूश होतात. दोघांनीही जरा थांबावं.

पहिली गोष्ट, वाचकाला हे ठळकपणे कळायला हवं. मूळ कुणाचं आहे हे सांगितल्याने धारप लहान होत नाहीत, आणि न सांगितल्याने वाचक मात्र फसतो. दुसरी गोष्ट, नुसतं भाषांतर करून भीती इकडे येत नाही. अमेरिकेतल्या गावात रक्तपिपासू आला, तर त्याला अडवायला क्रूस असतो, पवित्र पाणी असतं. आमच्या वसईत आळीच्या तोंडाशी क्रूस उभे आहेत, इथे ती गोष्ट फारसं काही न बदलताही चालली असती. पण देशावरच्या एखाद्या गावात ती न्यायची, तर श्रद्धेची, घराची, नात्यांची सगळी भाषा नव्याने रचावी लागते. धारपांचं कसब तिथे दिसतं. त्यांची भीती माजघरात, जिन्याखाली, बंद खोलीत राहते. साधा पगारदार माणूस साध्या आवाजात सांगत जातो, आणि तुम्ही नकळत पाय पांघरुणात ओढून घेता.

खटकतं ते शेवटाकडे. भीती चढवत नेताना धारप जितके सबुरीचे, तितके ती उतरवताना घाईचे. त्यांच्या ‘समर्थ’ मालिकेत तर समर्थांनी घरात पाऊल टाकलं, की मला हुश्श वाटतं. भयकथेत वाचकाला इतक्या लवकर हुश्श वाटू नये. शिवाय सज्जन शक्ती, दुर्जन शक्ती, त्यांचे नियम असं स्पष्टीकरण सुरू झालं की अंधारात कुणीतरी ट्यूबलाइट लावल्यासारखं होतं.

‘तुंबाड’ २०१८ साली आला तेव्हा थिएटरात फार गर्दी नव्हती. २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. म्हणजे या जातीच्या गोष्टीला गिऱ्हाईक आहे. फक्त ते तिकीटखिडकीवर उभं आहे, पुस्तकाच्या दुकानात नाही.

एक ओळ, एक आयुष्य

सुहास शिरवळकरांचं नाव तुमच्यापर्यंत ‘दुनियादारी’ने पोचलं. १९८२ची कादंबरी, २०१३चा सिनेमा. पण ‘दुनियादारी’च्या आधी आणि नंतरही या माणसाने ढिगाने रहस्यकथा लिहिल्या. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास, फिरोज इराणी अशी फौज त्यांच्याकडे होती. त्यांची ‘समांतर’ २०२० साली वेब सिरीज म्हणून आली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की ही आधी कादंबरी होती.

‘समांतर’ची कल्पना एका ओळीत सांगता येते, आणि ती ओळ ऐकूनच पुस्तक उघडावंसं वाटतं. ज्योतिषी तुमचा हात बघतो आणि म्हणतो, हा हात मी आधी पाहिलाय. तुमचं जे होणार आहे, ते दुसऱ्या एका माणसाचं होऊन गेलंय. मग कुमार महाजन त्या सुदर्शन चक्रपाणीला शोधत निघतो. भविष्य कळलं तर ते टाळता येतं, की टाळायला जाण्यामुळेच घडतं? परीक्षेचा निकाल, नोकरी, लग्न अशा वळणावर उभ्या असलेल्या वयाला हा प्रश्न बरोबर झोंबतो.

शिरवळकरांचे संवाद आजही जिवंत आहेत. त्यांची माणसं पुस्तकात नाही, कट्ट्यावर बोलतात. पण त्यांच्या पुरुषांना स्वतःच्या दुःखाचं फार कौतुक असतं. ‘दुनियादारी’ अठराव्या वर्षी वाचली तर रडू येतं. पंचविशीत वाचली तर मध्येच वाटतं, अरे, या मुलींना काय वाटलं हे कुणी विचारेल का? सिनेमा बघून कादंबरी सोडून दिली असेल, तर मात्र जरूर वाचा. सिनेमाने गोड केलेल्या बऱ्याच जागा मूळ पुस्तकात कडू आहेत, आणि तिथेच ते पुस्तक मोठं होतं.

सोपाऱ्याची पेटी आणि वामन

जयंत नारळीकर २०२५च्या मे महिन्यात गेले. तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसवर ते होते. त्यांची ‘वामन परत न आला’ त्यानंतर किती जणांनी वाचली, हा वेगळा प्रश्न. ऐंशीच्या दशकातली ही कादंबरी. जमिनीखाली एका प्राचीन, फार पुढे गेलेल्या संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या ज्ञानावरून शास्त्रज्ञ ‘वामन’ नावाचा विचार करणारा यंत्रमानव उभा करतात. आणि मग प्रश्न येतो, की ती पुढारलेली माणसं नाहीशी का झाली? यंत्रं आपली कामं घेणार का, अशी चर्चा आज प्रत्येक कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चालते. ती चर्चा या पुस्तकात तेव्हाच झालेली आहे, आणि आजच्या बऱ्याच व्हिडिओंपेक्षा मुद्देसूद झालेली आहे.

उत्खननाचा भाग वाचताना नालासोपाऱ्याची आठवण येते. तिथल्या बुरुड राजाच्या कोटात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणलं, आणि स्तूपाच्या पोटातून दगडी पेटी निघाली. तिच्यात बुद्धमूर्ती आणि एकात एक ठेवलेले करंडक होते. स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर असं घडलेलं आहे, आणि आपण थरारासाठी इजिप्तच्या पिरॅमिडमध्ये शिरतो.

आता खरं बोलायचं तर नारळीकरांची माणसं कागदी आहेत. एक विचारतो, दुसरा समजावतो. संवाद संपला की फळ्यावरचं गणित संपल्यासारखं वाटतं. खलनायक खलनायक म्हणूनच आत येतो. कल्पनेसाठी वाचा, माणसांसाठी नको. कल्पना मात्र अशी, की पुस्तक मिटल्यावरही डोक्यात चालू राहते.

हाक आली तर

आजच्या लेखकांपैकी हृषिकेश गुप्ते यांची ‘हाकामारी’ वाचली. रात्री बाहेरून कुणीतरी तुमच्या नावाने हाक मारतं, तिला ओ द्यायची नाही, ही समजूत आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावी लागत नाही. गुप्ते ती घेतात आणि तिच्याभोवती आपलं जग उभं करतात. इथे उसनं काही वाटत नाही. भीती बाहेरून येण्याआधी माणसांच्या आत असते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. भाषा दाट, ओली, थेट अंगावर येणारी. तक्रार एकच. काही ठिकाणी ती भाषा स्वतःच्याच प्रेमात पडते आणि गोष्ट दारात ताटकळत राहते. अर्नाळकरांचा थोडा वेग गुप्त्यांना आणि गुप्त्यांची थोडी खोली अर्नाळकरांना मिळाली असती, तर? असा खेळ मनातल्या मनात खेळता येतो, हेही या वाचनाचं सुखच.

हे सगळं सांगायचं कशाला?

तुम्ही म्हणाल, जुन्या-नव्या पुस्तकांवर मतं दिली, ठीक आहे. यात एवढं गंभीर काय?

गंभीर हे, की ज्या लेखनाबद्दल कुणी खरं बोलत नाही, ते लेखन वाढत नाही. एकेकाळी कोपऱ्यावरचा वाचनालयवाला हा सगळ्यात कडक समीक्षक होता. पुस्तक परत करताना वाचक त्याला सांगायचा, ‘हे काही जमलं नाही, दुसरं द्या.’ कुठलं पुस्तक लोक मागतात, कुठलं पडून राहतं, हे त्याच्याकडून दुकानदाराला आणि दुकानदाराकडून प्रकाशकाला कळायचं. ती साखळी तुटली. आता पुस्तकाची पीडीएफ फुकट फॉरवर्ड होते. ती वाचली किती जणांनी, आवडली किती जणांना, कुठल्या पानावर सोडली, काहीच कुणाला कळत नाही. लेखकाला पैसा नाही आणि मतही नाही. उरतं ते फक्त हार घातलेलं मुखपृष्ठ आणि खाली शंभर हार्ट.

यात नुकसान धारपांचं किंवा अर्नाळकरांचं होत नाही. त्यांचं काम त्यांनी केलं. नुकसान होतं ते नालासोपाऱ्याच्या एखाद्या चौथ्या मजल्यावर रात्री बारा वाजता पहिली भयकथा लिहीत बसलेल्या मुलीचं. तिला कुणीतरी सांगायला हवं, की तुझं पहिलं प्रकरण झकास आहे, पण भूत फार लवकर दिसलं. मित्र ‘भारीच गं’ म्हणतात. मराठीचे गंभीर वाचक ‘आता जरा चांगलं काहीतरी लिही’ म्हणतात. दोघांच्या मध्ये ती पोरगी लिहिणं सोडते, किंवा इंग्रजीत जाते.

आणि तिच्याकडे सामग्री काय कमी आहे? किल्ल्यातली छप्पर उडालेली चर्चं. भरतीच्या वेळी चारी बाजूंनी पाणी घेऊन बसलेला अर्नाळ्याचा जलदुर्ग. खाडीतलं पाणजू बेट. मिठागरांवरची चांदण्याची रात्र, तिवरांच्या मागे उभे राहिलेले टॉवर, तुंगारेश्वरच्या जंगलातला पाऊस. पहाटेच्या लोकलने दादरला जाणाऱ्या फुलांच्या टोपल्या. एका रस्त्यावर वाडवळी, सामवेदी, आगरी, कोळी, भोजपुरी ऐकू येणारी वस्ती. रातोरात उभी राहिलेली इमारत, जिच्या कागदांवर तिसऱ्याच कुणाची सही आहे. रहस्यकथेला आणखी काय लागतं? तरीही मराठी भूत अजून वाड्यातच राहतं आणि मराठी गुन्हा पुण्या-मुंबईतच घडतो. विरारच्या वन रूम किचनमध्ये यायला दोघेही तयार नाहीत. आम्हाला आमच्या पत्त्यावरची गोष्ट हवी आहे, हे वाचकांनी मोठ्याने म्हटल्याशिवाय ती येणार नाही.

नाव झाका, मग वाचा

प्रामाणिक मत द्यायचं कसं, याचा धडा नारळीकरांनीच घालून दिलाय. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. तेव्हा शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव जगभर झालेलं. ते नाव बघून परीक्षक भुलतील, म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि नारायण विनायक जगताप या नावाने कथा दिली. पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद या विज्ञानकथालेखकाकडे आलं. ज्या लेखनाला लोक टाइमपास म्हणतात, ते नाव झाकून आलं आणि स्वतःच्या पायावर उभं राहिलं.

तुम्हीही एवढंच करा. जवळच्या वाचनालयात जा, नसेल तर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक उचला. मुखपृष्ठाला वर्तमानपत्राचं कव्हर घाला, म्हणजे लेखकाचं नावही झाकलं जाईल आणि मुखपृष्ठावरची कवटीही. मग वाचा. वाचून झालं की स्वतःला चार प्रश्न विचारा. कुठल्या पानावर श्वास अडकला? कुठल्या पानावर मोबाइल हातात घेतला? या गोष्टीतलं कुठलं माणूस मला खरं वाटलं? आणि ही गोष्ट माझ्या गल्लीत घडली असती, तर काय बदललं असतं? उत्तरं दोन-दोन ओळींत लिहा. मित्राला दाखवा. लेखक हयात असेल तर त्याला कळवा, सभ्य भाषेत, पण खरंखुरं. जुन्या लेखकांना आता आपली मतं कळणार नाहीत. पण त्यांच्याबद्दल खरं बोलायची सवय लागली, की नव्यांबद्दलही तोंडातून खरंच निघेल.

चौथ्या मजल्यावरच्या त्या मुलीला हार्ट नको आहेत. तिचं भूत कितव्या पानावर यायला हवं होतं, तेवढं तिला सांगा.